ठकीचं इंजिन

१० नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
ताईचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. सहा फूट उंच झालास, अख्ख्या खाणीतली हवा तपासायचं काम तुझ्यावर आलं, तरी पाय गारठले की बहिणीलाच लिहितोस. मोजे विणायला घेतलेत. एक पुरा झालाय. दुसरा होईपर्यंत बगळ्यासारखा एका पायावर उभा राहा.

आता खरी बातमी. आधीच सांगते, सगळे सुखरूप आहेत. गेल्या बुधवारी ठकीने, आपल्या म्हाताऱ्या गाडीने, आयुष्यात पहिल्यांदा दगा दिला. आई सुईणीच्या नोकरीतून मोकळी होऊन इतकी वर्षं झाली, पण वरच्या वस्तीतल्या बायकांना अजून तीच लागते. तिथल्या गवंड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं आहे हे आईने हात लावताच ओळखलं, तिला ठकीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि इस्पितळाचा रस्ता धरला. टेकडीच्या चढणीवर, त्या उलट्या वळणाशी, इंजिनाचा दमच सरला. निळा धूर एवढा की समोरचं दिसेना. गाडी थांबली, आणि मग हळूहळू मागे सरकायला लागली. मागची दरी तुला ठाऊक आहे. आईने दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला, गवंडी उडी मारून उतरला आणि त्याने चाकामागे धोंडा लावला. इंजिन निवल्यावर रडतखडत गाडी माथ्यावर आली. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. पण घरी आल्यावर आईला चहाचा कप धरता येईना. तिचे हात कापताना मी आजवर पाहिले नव्हते.

मेकॅनिकने गाडी तपासली. इंजिन झिजलंय. पिस्टनच्या रिंगा संपल्या, सिलिंडर अंडाकृती झालेत, ऑइल पेट्रोलसारखं जळतंय. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीलाही चीर आहे म्हणे, पण ते इंजिन उतरवल्यावर एकदमच करू म्हणाला. आता वाटा दोन. एक, हेच इंजिन खोलून पुन्हा बांधायचं. पिस्टन मुद्दाम करवून घ्यावे लागतील, ठकी महिनोन्महिने ठोकळ्यांवर बसून राहील, आणि एवढं करूनही जुन्या लोखंडाची खात्री कुणी द्यायची? दुसरी, हे काढून टाकायचं आणि त्याच्या आवारात एका फुटलेल्या नव्या गाडीचं इंजिन पडलंय ते बसवायचं. आई म्हणाली, विचार करते.

आईने विचार करते म्हणणं हेच मला नवीन आहे. कारण ती सांगत नाही, पण मी ओळखते. बाबांची नजर गेल्यावर छापखान्याच्या कोपऱ्यावर ठकीचा आवाज आला की ते चाचपडत उठून चहाचं आधण ठेवायचे. बाबा गेले, आता तो आवाजही बदलला की ती सगळी वर्षं पुसली जातील असं तिला वाटत असावं. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन इंजिन चालू करते आणि कान लावून बसते. ऐकल्याशिवाय कुणाला शिक्षा सुनावायची नाही, असं तिचं म्हणणं.

तुझं मत कळव. तुझ्यावर जीव आहेच, तो पत्रापत्री वाढता राहो.

तुझी
ताई


१९ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
आईचे अ. उ. आ.

ताईने तुला काय लिहिलं असेल ते मला न वाचताच माहीत आहे. चष्म्याच्या दुकानात काम करून करून तिला सगळं दुप्पट मोठं दिसतं. माझे हात कापले ते थंडीने. (बरं, थोडे भीतीनेही. कुणाला सांगू नकोस.)

इंजिनाचं म्हणशील तर मी माझी जुनी लाकडी नळी काढली आहे. पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची, तीच. मेकॅनिक आधी हसला. पण इंजिनावर ठेवून बघ, आत काय काय चाललेलं असतं! चार सिलिंडर म्हणजे चार भावंडं आहेत. पहिला खोकतो, तिसरा मधूनच गप्प होतो, दुसरा नि चौथा बिचारे सगळ्यांचं ओढतात. आपल्या घरात तू तिसरा झाला असतास. एका संध्याकाळी वाटतं, याला वाचवता येईल. दुसऱ्या संध्याकाळी वाटतं, कशाला हाल करायचे. शेडच्या फळ्यांमधून वारा एवढा शिट्ट्या घालतो की बारीक आवाज कानाला लागत नाहीत, म्हणून निकाल लांबतोय. एरवी मी कशाला एवढं घोळवलं असतं?

जरा डोकं दुखतं, बाकी ठणठणीत आहे. खाणीत उतरताना टोपी घालत जा. मोठा अधिकारी असलास तरी छत खाली येताना हुद्दा विचारत नाही.

माया आहे तशीच, वेगळी ती काय लिहायची.

तुझी
आई


२३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं दहा तारखेचं पत्र आज मिळालं आणि जेवण तसंच राहिलं. ते वळण मी विसरलेलो नाही. शाळेत असताना तिथून वाकून खाली बघितलं होतं तेव्हा बाबांनी कॉलर धरून मागे ओढलं होतं. दुपारपासून डोळ्यांपुढे एकच दिसतंय, ठकी मागे मागे येते आहे आणि चाकाखाली धोंडा नाही.

माझं मत विचारलंस. नवं इंजिन बसवा. ज्या यंत्रावर माणसांचे जीव टांगलेले असतात त्याच्यावर माया करायची नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्या हवेच्या पंख्याची मोटार जराशी कुरकुरली तरी तिचा मागचा इतिहास कुणी काढत बसत नाही, काढतात आणि दुसरी लावतात. आईला हे माझं नाव न घेता सांग. माझं नाव घेतलंस तर ती मुद्दाम उलटं करेल.

मला यायचं होतं. माझ्या जागी बघणारा माणूस आजारी आहे, त्यामुळे सुटी नाही म्हणतात. तू आहेस म्हणून मला झोप लागते. वस्तीवरून बोलावणं आलंच तर दुसऱ्या कुणाची गाडी मागा, पण ठकीला चढणीवर नेऊ देऊ नकोस.

धाकट्यावर लोभ ठेव, आणि दुसरा मोजा लवकर विण.

तुझा
टिल्लू


३० नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला थांबवत नाही. टिल्लू, आईला काहीतरी होतंय.

पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. रात्री जेवायला बसलो तर तिने बाबांचंही ताट मांडलं आणि म्हणाली, आज यांना उशीर का झाला. वाटलं, जुनी सवय, गेला असेल हात. मग गुरुवारी शेडमधून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला विचारायला लागली, हे कुणाचं घर आहे. मला वन्सं म्हणून हाक मारली. आत्या जाऊन किती वर्षं झाली! गाल लाल झालेले, डोळे माझ्यावर पण मला न बघणारे. मी तिला धरून निजवलं आणि बाहेर येऊन पदर तोंडात कोंबून रडले.

सकाळी उठली ती अगदी नेहमीसारखी. पेपर वाचला, दूधवाल्याशी भांडली आणि भांडण जिंकली. काल काय झालं ते तिला आठवत नाही. दुपारपर्यंत झाक असते, दिवस मावळला की हरवते. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय झालं, त्यात बाबांचं जाणं. म्हाताऱ्या माणसांचं असं संध्याकाळीच जास्त होतं म्हणे. हे वाढत जाणार, मनाची तयारी ठेवा म्हणाले. कशी ठेवतात मनाची तयारी? तुला कुणी शिकवली असेल तर कळव.

शेडमध्ये जाऊ नको म्हटलं तर ऐकत नाही. तेवढा एकच वेळ ती समाधानात असते, मग मोडवतही नाही. वाऱ्याचा आवाज नको म्हणून तिने सगळ्या फटींत गोणपाट ठासलंय, दाराखालीही. आता आत छान ऊब असते. बाहेर थंडी इतकी आहे की आढ्यावर बसणाऱ्या दोन चिमण्या काल बॉनेटवर मरून पडलेल्या होत्या. आईने त्या ओंजळीत घेतल्या आणि किती वेळ नुसती बघत बसली.

तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून सोमवारपासून मीही तिच्याबरोबर आत बसते. ती नळी लावते, मी विणते. माझंही डोकं सारखं दुखतं. रडण्याने असेल, जागरणानेही असेल.

मेकॅनिक आज पुन्हा येऊन गेला. ते इंजिन दुसरा कुणी मागतोय, काय ते सांगा म्हणाला. मी काय सांगू? जिला संध्याकाळी आपली मुलगी ओळखू येत नाही तिच्या हातात स्टिअरिंग द्यायचं का? आणि द्यायचं नसेल तर कशाला बांधायचं आणि कशाला बदलायचं? किल्ली लपवावी असं मनात येतं. मग वाटतं, किल्ली लपवली त्या दिवशी आपण तिला म्हातारी ठरवली.

मला फार भीती वाटते रे. जीव लावून राहा, दूर असलास तरी.

तुझी
ताई


५ डिसेंबर

चि. टिल्लूस,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. नवं इंजिन म्हणतोस. आईला सांगितलं. सांगितलं असं वाटतंय.

आज दुकानात माझ्या हातून दोन गिऱ्हाइकांच्या काचा उलट्यासुलट्या बसल्या. जवळचं दिसत नाही त्याला लांबच्या, लांबचं दिसत नाही त्याला जवळच्या. मालक सगळ्यांसमोर बोलले. मला हसूच आलं. हसायला नको होतं. आकडे पुसट दिसतात, चष्मा मलाच लागला असेल.

आज इंजिन छान चाललं होतं. आई म्हणाली, तिसराही बोलायला लागला. आम्ही बराच वेळ बसलो. उठावंसं वाटत नाही, पाय जड होतात. ऊब असते. मोजे विणायला घेतलेत, एक पुरा झालाय, दुसरा होईपर्यंत. आई आज मला वन्सं म्हणाली आणि मी ओ दिली. बरं वाटलं. कुणाला तरी सापडल्यासारखं.

मेकॅनिकला काय सांगायचं ते तू कळवणार होतास. आज इंजिन छान चाललं होतं. एक मोजा पुरा झालाय.

बाबांना उशीर होतोय. आधण मी ठेवलंय.

तुझी


८ डिसेंबर

ताई,

मायना राहू दे. तुझं तीस तारखेचं पत्र आज दुपारी माझ्या हातात पडलं. चिमण्यांपर्यंत वाचलं आणि तसाच, खाणीच्या कपड्यांनी, स्टेशनवरच्या तारऑफिसात धावलो. तार गेली आहे. शेड उघडा, इंजिन बंद, दोघी बाहेर पडा, डॉक्टर बोलवा. तारबाबू म्हणाला, संध्याकाळपर्यंत पोचेल. पोचली असेल. तू वाचली असशील. आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून लिहितोय, नाहीतर हात कुठे ठेवायचे कळत नाही.

आईचं डोकं शाबूत आहे, ताई. तिला म्हातारपण झालेलं नाही, तिला विषबाधा होते आहे. आणि आता तुलाही. इंजिनात पेट्रोल नीट जळलं नाही की धुरात एक वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. ती चिरलेली नळी तो शेडमध्ये सोडते आणि तुम्ही गोणपाट लावून त्याला कोंडून ठेवलाय. डोकं दुखतं, दिसायला अंधुक होतं, विसरायला होतं, ऊब वाटते, उठावंसं वाटत नाही. माणूस घाबरत नाही हीच त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट. चिमण्या थंडीने मेल्या नाहीत. त्या लहान होत्या म्हणून आधी गेल्या.

सकाळी बरी असते, कारण रात्रभर घरात चांगली हवा मिळते. संध्याकाळी हरवते, कारण ती तिथून आलेली असते. तुझ्या पत्रात हे सगळं लिहिलेलं आहे, ओळीने लिहिलेलं आहे, आणि ते माझ्यापर्यंत यायला आठ दिवस लागले. या आठ दिवसांत तू रोज आत बसली असशील. तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून.

हे पत्र मी कुणाला लिहितोय ते मला माहीत नाही. तू वाचत असशील तर एक शब्द तारेने पाठव. कुठलाही चालेल. शिवी घाल. मी तारऑफिसच्या बाकावर बसून आहे. इथल्या लोकांनी कांबळं आणून दिलंय, आणि मला ते अंगावर घेववत नाही, उबेचीच भीती बसली आहे.

टिल्लू


१३ डिसेंबर

चि. टिल्लूस,
ताईचे अ. अ. आ.

जिवंत, या एका शब्दाची माझी तार तुला मिळाली, त्यावर तू उत्तर पाठवलंस तेही एकाच शब्दाचं, गाढव. इस्पितळातल्या सगळ्या नर्सेसनी ते वाचलं. आता मला बसता येतं, म्हणून नीट लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

त्या संध्याकाळचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाकीचं तारवाल्याने सांगितलं. तो सायकलवरून आला, घराचं दार वाजवलं, कुणी ओ देईना. परत फिरणार तर शेडमधून इंजिनाचा आवाज आला. दार ढकललं तर उघडेना, खाली गोणपाट दाटलेलं. त्याने खांदा दिला. आत आई बॉनेटवर पालथी पडलेली होती, हातात नळी तशीच. मी गाडीच्या पायरीवर बसले होते. मी त्याच्याकडे बघून हसले म्हणे, आणि म्हणाले, दार लावून घ्या, वारा येतोय.

ते वाक्य मी बोलले यावर माझा विश्वास बसत नाही. पण तो खोटं कशाला सांगेल? आईला बाहेर ओढताना मी त्याला हाताने मागे खेचत होते, असंही तो म्हणाला. टिल्लू, तुझी तार जरा उशिरा निघाली असती तर मी हसत हसत गेले असते.

आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शुद्धीवर नव्हती. मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, भिंतीपलीकडे ती आहे एवढंच माहीत. नळीतून हवा देत होते आणि मी नर्सला सारखी विचारत होते, पलीकडे आवाज का नाही. डोळे उघडल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो शेजारच्या खाटेवरची बाई कण्हतेय ती किती महिन्यांची आहे. त्या बाईंचा पाय मोडलाय. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर रडले. मनाची तयारी ठेवा म्हणालेले डॉक्टर येऊन बराच वेळ माझ्या खाटेशी उभे होते. शेड, इंजिन हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

मेकॅनिक गाडीची ती चिरलेली नळी काढून घेऊन आला होता. चिरेत बोट जात होतं. बिचारा पांढराफटक झाला होता, नजर वर करेना. झिजलेलं इंजिन असा वायू जास्तच करतं, तेव्हाच सांगायला हवं होतं म्हणाला. मी त्याला सांगितलं, गाडी भंगारात घाल. मला ती डोळ्यांसमोर नको. आई काही बोलली नाही. पण बोलेल, ते तिच्या गप्प बसण्यावरून कळतं.

अजून झोपताना खिडकी उघडी असल्याची तीनतीनदा खात्री करते. तुझी माया त्या दिवशी तारेतून आली, एरवी पत्रातून येऊ दे.

तुझी
ताई


४ जानेवारी

चि. टिल्लूस,
आईचे अ. उ. आ.

घरी आले. चालताना भिंत धरावी लागते, पण भिंत कुठे आहे ते कळतं.

तू माझ्या एकटीच्या नावाने पाकीट पाठवलंस आणि ताईला दाखवू नको लिहिलंस तेव्हाच मला कळलं आत काय असणार. असा प्रश्न आईला विचारणं तुला किती जड गेलं असेल ते अक्षरावरून दिसतं. म्हणून रागावत नाही. ऐक. मरायचं असतं तर पिस्टनच्या रिंगांची चौकशी मी कशाला केली असती? तुझ्या बाबांची आठवण येते, रोज येते. पण त्यांच्याकडे जायला मला बिलकुल घाई नाही, आणि गेले तर तेच विचारतील, पोरीला कशाला बरोबर आणलंस. हा प्रश्न आता मिटला. पुन्हा मनात आणलास तर तिथे येऊन कान पिळेन, स्टुलावर चढून.

भीती मला दुसरीच वाटते. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. ताईला मी वन्सं म्हणाले, हे मला दुसऱ्यांकडून कळतं. स्वतःच्या घरात आपण नव्हतो, आणि आपल्या जागी कुणीतरी वावरत होतं. रोज सकाळी डोळे मिटूनच मी मनात घोकते, तुझं नाव, ताईचं नाव, यांचं नाव, खिडकी कुठल्या बाजूला. सगळं जुळलं की मगच उठते. डॉक्टर म्हणतात, मेंदूला धक्का राहिलेला नाही. ते आधीही पुष्कळ काही म्हणाले होते.

आता इंजिनाचं. ताईला गाडी भंगारात घालायची आहे. रागाने म्हणते असं वाटलं होतं, पण शेडवरून जाताना ती श्वास रोखून धरते, ते मी पाहिलं. मी म्हटलं, तू म्हणशील ते. मग परवा गवंड्याची बायको बाळाला घेऊन आली. वस्तीवरच्या तिच्या जावेला फेब्रुवारीत दिवस भरताहेत, आणि रस्ता तोच, चढण तीच. ती काही मागायला आली नव्हती. पण बाळाला मांडीवर घेतल्यावर मला ताडकन कळलं की मी इतके दिवस चुकीच्या ठिकाणी नळी लावत होते.

मी इंजिनाला विचारत होते, तुला वाचवू का. विचारायला हवं होतं मागच्या सीटवरच्या बाईला. जुनं बांधून घेतलं तर बाबांच्या कानातला आवाज राहील. पण चढणीवर माझ्या मनात एवढीशी जरी शंका आली तर हात पुन्हा कापतील, आणि मागे कुणीतरी दोन जीवांची पडलेली असेल. तिला आमच्या घरचा आवाज घेऊन काय करायचाय? तिला माथ्यावर पोचायचंय.

नवं बसवायला सांगितलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाने ते घेतलं नव्हतं, मेकॅनिकने अडवून ठेवलं होतं म्हणे. धुराची नळीही पहिल्यापासून शेवटपर्यंत नवी. जुनं इंजिन साखळीने उचलून काढताना मी तिथे उभी होते. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. नंतर घरी येऊन कुठला तरी डबा उघडत नव्हता त्यावर आलं.

ताईने सांगितलंय की ती त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मीही आग्रह करणार नाही. तू तिला समजावायला जाऊ नकोस, तिची भीती खरी आहे.

आईचा हात पाठीवर आहे, अंतर मोजू नकोस.

तुझी
आई


२१ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
ताईचे अ. आ.

सुटी मंजूर झाली हे वाचून आईने शेजारी जाऊन चार घरांत सांगितलं, आणि मग मला येऊन म्हणाली, उगाच गवगवा करू नको.

काल दुपारी वस्तीवरून माणूस धावत आला. गवंड्याच्या भावजयीचे दिवस भरले होते, पाणी गेलं होतं, आणि कळा थांबल्या होत्या. आईने कोट चढवला. डॉक्टरांनी तिला एकटीने गाडी चालवायची नाही असं बजावलेलं. तो माणूस तसाच पुढे दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला पळाला होता. आई दारात किल्ली घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मी चपला घातल्या.

गाडीत बसल्याबरोबर मी चारी काचा खाली केल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. नवं इंजिन आवाजच करत नाही फारसा, नुसतं घुमतं, आणि ते तर मला जास्तच भयंकर वाटलं. आईचे ओठ निळे झाले, दात वाजत होते, मला ऐकू येत होते. पण काच वर कर असं ती एकदाही म्हणाली नाही. मी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, डोकं ठिकाणावर आहे ना ते बघायला. थोड्या वेळाने तीही माझ्याबरोबर वाचायला लागली. लोहार, शिंपी, पिठाची गिरणी. कुणी ऐकलं असतं तर दोघींना वेड्यात काढलं असतं.

वस्तीवरून ती मुलगी घेतली. किती लहान आहे रे! मागच्या सीटवर निजवली, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. उलटं वळण आलं तेव्हा मी दाराची कडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. काही झालं नाही. गाडी एका दमात वर गेली. आईने गिअरही बदलला नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही माथ्यावर होतो आणि आईचे हात स्टिअरिंगवर स्थिर होते.

पण वर वारा फार होता. मागून ती मुलगी सासूला हळूच म्हणाली की थंडी वाजते. आम्हाला सांगायला बिचारी संकोचत होती. मी मागे बघितलं तर ती सबंध थरथरत होती, ओठ आईच्यासारखेच निळे. आईलाही ते ऐकू आलं असणार. तरी तिने मान वळवली नाही, हात काचेकडे नेला नाही. पुढे बघत गाडी चालवत राहिली.

मी माझ्या बाजूची काच वर केली. मग मागे वाकून मागच्या दोन्ही केल्या. आईची तेवढी राहिली होती. तिच्या अंगावरून हात नेऊन, माझ्या हाताने, तीही बंद केली. आत एकदम ऊब आली. मी इस्पितळाच्या फाटकापर्यंत पुढची प्रत्येक पाटी वाचली, आणि एकही चुकले नाही.

मुलगी झाली आहे. तुझी वाट बघणाऱ्या आम्ही दोघी आहोत, येताना स्वतःला नीट घेऊन ये.

तुझी
ताई